शेंदराखालचा आकडा

तुमच्याकडे गाडी विकत घेतली की तिचा कागद टपालाने घरी येतो, असं तुम्ही लिहिलं आहे. वाचून बरं वाटलं आणि थोडा हेवाही वाटला. आमच्या जीपचा कागद माझ्या नावावर व्हायला दीड वर्ष वाट पाहावी लागली आणि वर दिवाळी ते संक्रांत धावपळ करावी लागली. तो हातात पडला तो दिवस मी आयुष्यातल्या पहिल्या पाच चांगल्या दिवसांत धरते. तुमच्या आईच्या जन्माचा दिवसही त्या पाचांत आहे, तेव्हा तिने रागावू नये.

त्या वेळी आम्ही मुळशीत, कासार आंबोलीला राहत होतो. तुमच्या आजोबांची तिथे भातशेती होती आणि मी पौडच्या शाळेत वरच्या वर्गांना इंग्रजी शिकवत असे. शाळेत मुली नावाला होत्या. डोंगराकडच्या वाड्यांवरून शाळेत यायचं म्हणजे दीड-दोन तास पायपीट. मुलगे येत. मुलींना तेवढ्या लांब एकटं कोणी सोडत नसे, आणि सोबत जायला घरातल्या कोणाला वेळ नसे. म्हणून आम्ही जीप घेतली. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या जीपा पुण्याच्या कॅम्पात एका व्यापाऱ्याकडे विकायला होत्या, त्यांतली एक. ती माझ्या नावावर घ्यायची हे आजोबांनीच ठरवलं. "माझ्या नावावर घेतली तर आठ दिवसांत कागद हरवतील," ते म्हणाले, आणि ते खरं होतं.

व्यापारी गोड बोलणारा होता. त्याने पावती माझ्या नावाने फाडली, पण गाडीचं बुक, म्हणजे नोंदणीचं पुस्तक, स्वतःकडे ठेवलं, कारण त्यावर त्याच्या दुकानाचं नाव होतं आणि ते बदलून माझं घालायचं होतं. "पंधरा दिवसांत घरपोच, बाईसाहेब." मी दर महिन्याला पत्र लिहीत होते. दर पत्राला उत्तर येत होतं. बुक येत नव्हतं. असं दीड वर्ष चाललं.

दरम्यान जीपने सात मुली शाळेत यायला लागल्या. जीप चालवायला नांदे गावचे एक गृहस्थ होते, मुली त्यांना मामा म्हणत म्हणून आम्हीही मामाच म्हणू लागलो. मुलींच्या घरच्यांची अट एकच होती: दिवेलागणीच्या आत मुलगी दारात पोचली पाहिजे. मामांनी ती एकदाही मोडली नाही.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्याच आठवड्यात पौडला नव्याने आलेल्या फौजदारांनी जीप थांबवली. मी पुढे मामांच्या शेजारी बसले होते. आधीचे फौजदार पावती बघून सोडत. यांनी ती दोन्ही बाजूंनी वाचली.

"बाई, ही पावती झाली. बुक कुठाय?"

"व्यापाऱ्याकडे. नाव बदलून यायचंय."

"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं."

ते हसले नाहीत, हे त्यांचं चांगलं. म्हणाले, "आज मुलींना घरी सोडा आणि गाडी अंगणात लावा. बुकाशिवाय पुन्हा रस्त्यावर दिसली तर मला जप्त करावी लागेल. मागे सात मुली बसल्यात. उद्या काही झालं तर गाडी कोणाची म्हणून मी कोणाला विचारायचं?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मला जास्त राग त्याचाच आला.

पुढच्या शनिवारी मी कॅम्पात गेले. व्यापाऱ्याच्या दुकानात शिवणयंत्रं मांडलेली होती. नवा दुकानदार मला बघताच म्हणाला, "जीप का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"या महिन्यातल्या तुम्ही चौथ्या. ते दसऱ्याच्या आधीच दुकान बंद करून गेले."

"कुठे गेले?"

"ते मला कळलं असतं तर मीच मागे गेलो असतो. छप्पर गळत नाही म्हणून सांगितलं होतं मला." त्याने यंत्रांच्या मधोमध ठेवलेली बादली दाखवली.

इकडे मुली पहिल्या आठवड्यात चालत आल्या, पण तिघीच. दुसऱ्या आठवड्यात एक आली. नंतर कोणी नाही. त्यांतली थोरली अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला होती. मार्चमध्ये तिची परीक्षा होती, आणि त्याआधी जानेवारीच्या शेवटी शाळेची चाचणी. ती दिल्याशिवाय शाळा कोणाला परीक्षेला पाठवत नसे. मी तिच्या वाडीवर गेले. तिच्या वडिलांनी घोंगडी अंथरली, पाणी दिलं, आणि मग सरळ बोलले.

"बाई, तुमच्यावर माजा राग न्हाई. पन पोरगी घरात बसली की लोक इचारत्यात. पावन्यांनी दोनदा निरोप धाडलाय."

"मार्चपर्यंत थांबा. एवढं शिकलीय, परीक्षा देऊ दे."

"मार्च लई लांब हाय. संक्रांतीपतूर थांबतो. तवर तुमची गाडी दारात आली तर पोरगी शाळंची. न्हाई तर पावन्यांची."

मुलगी चुलीपाशी बसून ऐकत होती. तिने चुलीत लाकूड असं सारलं की ठिणग्या बाहेर आल्या.

तर पणाला काय लागलं होतं ते हे. मी घरी आले आणि एक नवी फाईल काढली.

पुण्यात गाड्यांच्या नोंदणीच्या ऑफिसात हेडक्लार्क होते, कानाला अत्तराचा फाया, टेबलावर एकही कागद वाकडा नाही. ते टेबल बघून मला धीर आला. त्यांनी मला बघून दाराकडे नजर टाकली.

"यजमान मागून येताहेत का?"

"ते शेतावर आहेत. गाडी माझ्या नावावर करायचीय."

"तुम्ही चालवता?"

"नाही."

"मग नावावर कशाला?"

"रेल्वेच्या मंत्र्यांना तरी इंजिन कुठे चालवता येतं?"

त्यांनी फाया कानातून काढला, हुंगला, परत ठेवला. मग खुर्ची दाखवली. त्या दिवसापासून त्यांनी मला जे सांगितलं ते नीट सांगितलं. नोंदवहीत गाडी व्यापाऱ्याच्या दुकानाच्या नावावर होती, म्हणजे त्याची सही हवी. सही नसेल तर तो सापडत नाही हे सिद्ध करायला हवं. त्याच्या जुन्या पत्त्यावर रजिस्टर पत्र पाठवायचं. मॅजिस्ट्रेटसमोर प्रतिज्ञापत्र करायचं. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची आणि महिनाभर कोणाची हरकत येते का ते पाहायचं. सगळ्यांच्या शेवटी गाडीची तपासणी.

मी सगळं इंग्रजीत लिहिलं, कारण ऑफिसं तेव्हा इंग्रजीतच चालत, आणि खरं सांगायचं तर त्या काळात माझ्या बी.ए.चा इतका उपयोग वर्गातही झाला नसेल. रजिस्टर पत्र बारा दिवसांनी परत आलं. पाकिटावर पोस्टमनने लिहिलं होतं, 'पत्ता न ठेवता गेले.' आजोबा ते फोडायला निघाले होते. मी त्यांच्या हातातून घेतलं आणि तसंच फाईलला लावलं. हेडक्लार्कनी ते बंद पाकीट उजेडात धरून पाहिलं. "फोडलं नाहीत हे उत्तम केलंत. लोक फोडतात आणि मग म्हणतात, आत काय होतं ते आम्हीच सांगतो."

नोटीस छापून आली. मी रोज वर्तमानपत्र उघडून आधी नोटिशींचं पान बघत असे, जणू हरकत घेणारा माणूसही तिथेच छापून येणार होता. कोणी हरकत घेतली नाही. मामा रोज सकाळी येत, जीप धूत, सुरू करून पाहत आणि बंद करत. दर रविवारी ते मुलींच्या वह्या सायकलवरून वाड्यांपर्यंत नेत आणि तपासायच्या वह्या माझ्याकडे आणत. थोरलीच्या वह्या सगळ्यांत जास्त भरलेल्या असत.

महिना संपला आणि एक गंमत झाली. तपासणीसाठी जीप ऑफिसात न्यायची होती, आणि बुकाशिवाय ती रस्त्यावर न्यायला बंदी होती. बुक तपासणीशिवाय मिळणार नव्हतं. आजोबा म्हणाले, "बैल जुंपून नेऊ. बैलांना बुक लागत नाही." मी फौजदारांकडे एक अर्ज दिला: एक दिवसासाठी, एका रस्त्याने, एका कामासाठी, मुलींशिवाय. त्यांनी तो दोनदा वाचला. "असा अर्ज माझ्याकडे आजवर आलेला नाही," ते म्हणाले.

"मग नाकारायचा कसा हेही ठरलेलं नसेल."

त्यांनी सही केली.

तपासणीच्या दिवशी आम्ही सकाळीच निघालो. मांडीवर फाईल होती, तारखेप्रमाणे लावलेली, वर अनुक्रमणिका. इन्स्पेक्टर उंच होते, चष्मा नाकावर घसरलेला. त्यांनी फाईल चाळली आणि कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. "आता नंबर. नोंदवहीत जो चासी नंबर आहे तोच गाडीवर निघाला की झालं." त्यांनी बॉनेट उघडलं आणि तसेच वाकून राहिले.

"हे काय आहे?"

मी आत पाहिलं. जिथे आकडा कोरलेली लोखंडी पट्टी असायची तिथे शेंदराचा गुळगुळीत थर होता, अंगठ्याएवढा जाड. त्यावर झेंडूची एक वाळकी पाकळी चिकटलेली.

"मामा, हे काय?"

"शेंदूर."

"ते दिसतंय. इथे कशाला?"

"दर आवसंला लावतो, बाई. तेलात कालवून. दसऱ्याला नारळ फोडतो."

मला काय वाटलं ते सांगते. माझ्या फाईलमध्ये अकरा कागद होते आणि त्यांतल्या एकावरही डाग नव्हता. पण ज्या गाडीसाठी हे सगळं चाललं होतं, तिचं बॉनेट मी इतक्या दिवसांत एकदाही उचलून पाहिलं नव्हतं.

इन्स्पेक्टर सरळ उभे राहिले. "बाई, नंबर झाकलेली गाडी आली की आम्ही आधी पोलिसांना कळवतो. चोरीच्या गाडीचा नंबर लोक असाच झाकतात. रंगाने झाकतात, डांबराने झाकतात. शेंदूर मी पहिल्यांदा पाहतोय." त्यांनी शिपायाला हाक मारली. "स्क्रू-ड्रायव्हर आण. खरडून काढ."

मामा बॉनेटच्या पुढे येऊन उभे राहिले. "न्हाई साहेब. खरडायचं न्हाई."

"मामा, बाजूला व्हा," मी म्हणाले. "परवा-तेरवावर संक्रांत आलीय."

"बाई, आमच्या गावचा मारुती बी असाच शेंदरानं जडावतो. त्येचं कवच कुनी खरडतंय व्हय? येळ आली की आपसूक सुटतं. न्हाईच सुटलं तर कोमट तेल लावायचं, हातानं सोडवायचं आन् नदीत सोडायचं."

"मारुती ठीक आहे," इन्स्पेक्टर म्हणाले, "पण हा कारखान्यात कोरलेला आकडा आहे. याला शेंदूर का?"

"साहेब, ह्या गाडीची चाकं मी दोनदा बदलली. गादी बदलली. बत्त्या बदलल्या. रंग दिला. मालक बी बदलला. ह्यो आकडा तेवढा हाय तसाच हाय. मग गाडीचा देव कोन? चाक?"

इन्स्पेक्टरांनी चष्मा काढला आणि रुमालाने पुसला. बराच वेळ पुसला.

"कायद्यात हेच लिहिलंय," ते शेवटी म्हणाले. "फक्त इतकं सोपं लिहिलेलं नाही." मग शिपायाला म्हणाले, "राहू दे तो स्क्रू-ड्रायव्हर. खरडताना एक ओरखडा पडला तरी मला तो नंबर मान्य करता येणार नाही. खोडलेला आकडा आणि खरडलेला आकडा आमच्या लेखी एकच. तुमच्या पद्धतीने काढा, पण ऑफिस बंद व्हायच्या आत."

म्हणजे मी मामांना बाजूला केलं असतं तर सगळंच संपलं असतं. हे मला त्या क्षणी कळलं आणि मी खुर्ची न मागता पायरीवर बसले.

फाटकाबाहेरच्या चहावाल्याने पळीत गोडं तेल कोमट करून दिलं. मामांनी नारळ आणला, हात धुतले, आणि कापसाच्या बोळ्याने तेल लावायला बसले. लावायचं, थांबायचं, अंगठ्याने कडेकडेने दाबायचं, पुन्हा लावायचं. तपासणीला आलेले ट्रकवाले भोवती जमले. त्यांतल्या एकाने चपला काढल्या. ते बघून दुसऱ्याने काढल्या. शेवटी मी आणि इन्स्पेक्टर असे दोघेच वहाणा घालून उभे होतो. मी काढल्या. इन्स्पेक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बुटांना हात न लावता डोक्यावरची टोपी काढली.

"घाई करू नको रं," एक ट्रकवाला मामांना म्हणाला.

"मी करतच न्हाई. तूच मागनं ढकलतुयास."

तासाभराने थर एका कडेने सुटला आणि मग सबंध, एकाच तुकड्यात, मामांच्या तळहातावर आला. आतल्या बाजूला सगळे आकडे उलटे उमटले होते. आणि खाली पट्टी अशी होती, जणू काल कोरली. गंजाचा ठिपका नाही. इन्स्पेक्टर तिच्यावर पार ओणवे झाले.

"मुळशीच्या पावसातल्या गाडीवर असा नंबर मी पाहिलेला नाही. तिकडच्या गाड्यांचे निम्मे आकडे गंजाने जातात. भिंग घेऊन बसतो मी, आणि तरी परत पाठवावी लागते."

मग त्यांनी पट्टीवरून एकेक आकडा वाचला आणि मी नोंदवहीच्या नकलेवरून तोच आकडा मोठ्याने म्हटला, वर्गात म्हणावा तसा. ट्रकवाले प्रत्येक आकड्याला माझ्या तोंडाकडे बघत होते. शेवटचा जुळला तेव्हा कोणीतरी शिट्टी मारली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी तोपर्यंत कवच केळीच्या पानात गुंडाळलं होतं आणि ते नदीकडे निघालेही होते. त्यांना टाळ्यांशी काही देणंघेणं नव्हतं.

बुक हातात पडलं ते भोगीच्या दिवशी. हेडक्लार्कनी ते स्वतः उठून दिलं. पहिल्या पानावर निळ्या शाईत माझं संपूर्ण नाव होतं. मी ते तिथेच उभ्याने तीनदा वाचलं. एस.टी.ने पौडला उतरून आधी फौजदारांकडे गेले. त्यांनी बुक दोन्ही बाजूंनी वाचलं, पावती वाचली होती तसंच.

"झालं, बाई. आता नाही थांबवणार."

"थांबवा की. दाखवायला आवडेल मला."

आता मात्र ते हसले.

मामांनी जीप आणली आणि आम्ही थेट थोरलीच्या वाडीवर गेलो. घरात तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या चालल्या होत्या. तिच्या वडिलांनी जीपचा आवाज ऐकूनच दार उघडलं होतं.

"संक्रांत उद्या हाय. एक दिस आदीच आलात."

मी बुक पुढे केलं. त्यांनी हात धोतराला पुसून ते घेतलं, पानं उलटली. "ह्यात नाव कुनाचं हाय?"

"माझं."

"तुमच्या मालकांचं न्हाई?"

"नाही. माझं एकटीचं."

त्यांनी आत हाक दिली, "ऐकलं का? गाडी बाईंच्या नावावर हाय." मग बुक मला परत देत म्हणाले, "सबूद म्हंजे सबूद. उद्या सन. परवा धाडतो."

तेवढ्यात कोपऱ्यातून मुलीची आजी बोलली. "परवा किंक्रांत हाय. किंक्रांतीला नवं काय बी सुरू करत न्हाईत. पोरीला त्या दिशी उंबऱ्याभाईर काडू नगा."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. पण दोन महिने गप्प बसलेली मुलगी माझ्या आधी बोलली.

"आजे, नवं कुटं हाय? बंद पडलंय त्येच चालू करायचं हाय."

आजीच खुदकन हसली आणि तिने भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवून ताट माझ्याकडे सरकवलं. वडील म्हणाले, "घ्या! परीक्षेच्या आदीच वकील झाली."

किंक्रांतीला सकाळी सातही मुली आपापल्या दारात उभ्या होत्या. बातमी आमच्या आधी वाड्यांवर पोचली होती. शेवटच्या वाडीवर एक आठवीही उभी होती, तेल लावून घट्ट वेणी घातलेली, पाटी छातीशी धरून. तिची आई म्हणाली, "गाडी बाईची हाय म्हनं. मग हिला बी न्या."

ती मावावी म्हणून मी फाईल घरी ठेवायला लागले.

थोरलीने जानेवारीतली चाचणी दिली आणि मार्चमध्ये परीक्षा दिली. जूनमध्ये निकाल लागला त्या दिवशी दुपारी तिचे वडील चालत आंबोलीला आले. अंगणात उभे राहूनच म्हणाले, "बाई, पास झाली. आता गाडी द्या एक दिस. सगळ्या वाड्यांवर पेढं वाटायचं हायेत. चालत फिरलो तर निम्मं पेढं मीच खाऊन टाकीन."

मी मामांना हाक मारली.